कृश देहांच्या प्रदेशात स्थूलतेची शस्त्रक्रिया

रत्नागिरी जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासात अन्नटंचाईला जेवढी जागा आहे, तेवढी स्थूलतेला कधीच नव्हती. जांभ्या दगडाची भूमी, पावसाळ्यात कोसळून थेट समुद्राला मिळणारे पाणी, डोंगरउतारावरची वरकस जमीन आणि तीवर पिकणारी नाचणी-वरी यांच्या बळावर येथील बहुसंख्य कुटुंबांचे वर्ष निभत नसे. म्हणूनच जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादकत्वाखाली १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरला या जिल्ह्यातून कामधंद्यासाठी मुंबईला जाणाऱ्यांची दखल घ्यावी लागली, आणि १९११ च्या जनगणनेच्या वेळी मुंबईतील गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. अशा प्रदेशाच्या संदर्भात वजन घटवण्यासाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेचा, म्हणजे वैद्यकाच्या भाषेत बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेचा, इतिहास लिहिणे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटेल. तथापि महाराष्ट्रातील या शस्त्रक्रियेचा उगम श्रीमंतांच्या सौंदर्यकल्पनेत शोधणे हीच खरी चूक आहे, कारण पोट न फाडता बारीक छिद्रांतून आत पाहण्याचे तंत्र येथे प्रथम गरिबांच्या आजारांसाठी आले, आणि पुढे ज्या देहावर ते वापरले गेले तो देहही अनेकदा पिढ्यान्‌पिढ्यांच्या अर्धपोटी जगण्यातून घडलेला होता.

स्थूलता हा रोग मानण्याची दृष्टी मात्र नवी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या देहांची चर्चा आहे आणि त्यांतील अतिस्थूल व अतिकृश या दोहोंचा विचार तेथे विस्ताराने केलेला आहे. आयुष्य घटणे, हालचाल मंदावणे, दौर्बल्य, अतिशय भूक व तहान असे अतिस्थूलाचे आठ दोष सांगून ग्रंथकार असे मत देतो की, या दोन अवस्थांपैकी कृशताच बरी, कारण स्थूलतेवर उपचार करणे अधिक कठीण असते. आजच्या शल्यचिकित्सकाला हे निरीक्षण पटण्यासारखे आहे, कारण आहार, व्यायाम व औषधे यांनी उतरलेले वजन बहुतेकांच्या बाबतीत परत चढते, या अनुभवातूनच विसाव्या शतकात शस्त्राचा विचार पुढे आला.

पोटाच्या पोकळीत नळी घालून पाहण्याचा पहिला प्रयोग १९०१ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेनचे वैद्य गेओर्ग केलिंग यांनी कुत्र्यावर केला, आणि १९१० मध्ये स्टॉकहोमच्या हान्स क्रिस्टिआन याकोबेयस यांनी ती पद्धत माणसावर वापरल्याचे जाहीर केले. पोटाच्या भिंतीतून एक लहान छिद्र पाडायचे, आतील अवयव एकमेकांपासून सुटे व्हावेत म्हणून पोकळीत हवा किंवा वायू भरायचा आणि मग प्रकाश व भिंगे असलेली दुर्बीण आत सोडायची, हे या तंत्राचे मूळ रूप होय. वायू भरण्यासाठी आजही जी सुई वापरली जाते ती हंगेरीच्या यानोश वेरेश यांनी १९३८ मध्ये क्षयरोग्यांच्या छातीत हवा सोडण्यासाठी वर्णिली होती. तिच्या टोकाशी स्प्रिंगवर बसवलेला बोथट भाग असतो आणि सुई पोकळीत शिरताच तो पुढे सरकून आतील अवयवांचे रक्षण करतो. इंग्लंडमधील हॅरल्ड हॉपकिन्स यांनी काचेच्या लांब दंडांची भिंगरचना तयार केली तेव्हा दृश्य उजळ झाले, आणि १९८० च्या दशकात दुर्बिणीच्या टोकाला लहान व्हिडिओ कॅमेरा जोडला गेल्यावर मूलभूत बदल घडला. तोवर एकटा शल्यचिकित्सक डोळा लावून जे पाहत असे ते आता पडद्यावर सर्वांना दिसू लागले, त्यामुळे सहायकाला हात देता येऊ लागला आणि दुर्बीण निदानाच्या साधनाची शस्त्रक्रियेचे साधन झाली.

मुंबईत या वाटेचा प्रारंभ भायखळ्याच्या सर जमशेदजी जीजीभॉय रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या जे. जे. मध्ये, झाला. तेथे डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९७२ पासून पोटाच्या विकारांच्या निदानासाठी दुर्बिणीचा वापर सुरू केला. त्या काळी सोनोग्राफी व सीटी स्कॅन भारतातील सार्वजनिक रुग्णालयांत उपलब्ध नव्हते. पोटात पाणी साठलेल्या रुग्णाला क्षय आहे, यकृताचा विकार आहे की कर्करोग, हे ठरवण्यासाठी एकतर अंदाजावर उपचार करावे लागत किंवा पोट उघडून पाहावे लागे, आणि पोट उघडल्यावर हातावर पोट असणाऱ्या माणसाची मजुरी अनेक आठवडे बुडे. एका छिद्रातून आत पाहून, संशयित जागेचा तुकडा काढून निदान करणे हा अशा रुग्णासाठी फार मोठा दिलासा होता. महागडी तपासणी परवडत नसलेल्या देशात दुर्बीण ही चैन नसून गरज आहे, ही उदवाडिया यांची भूमिका पुढेही कायम राहिली, आणि या तंत्राच्या भारतीय इतिहासाला तिने दिलेले वळण आवर्जून नोंदवण्याजोगे आहे.

त्याच दशकात हे तंत्र एका वेगळ्याच मार्गाने खेड्यांत पोहोचले, आणि तो मार्ग कुटुंबनियोजनाचा होता. संततिनियमनाच्या विचाराशी रत्नागिरी जिल्ह्याचे नाते जुने आहे: दापोली तालुक्यातील मुरूड येथे जन्मलेल्या रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले आणि त्यासाठी नोकरीपासून न्यायालयापर्यंत मोठी किंमत मोजली. कर्वे यांना अभिप्रेत असलेला मार्ग स्त्रीच्या स्वतःच्या निर्णयाचा होता. शासकीय कार्यक्रमाने स्वीकारलेला मार्ग उद्दिष्टांचा ठरला. स्त्रीबीजवाहिनीवर सिलिकोनचे छोटे वळे चढवून ती बंद करण्याची युक्ती अमेरिकेत १९७० च्या दशकात विकसित झाली आणि तिच्यासाठी लागणारी साधी, एका छिद्राची दुर्बीण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत भारतभर वाटली गेली. स्थानिक भूल, एक-दोन टाके आणि त्याच दिवशी घरी परत, अशा या पद्धतीमुळे ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ हे शब्द महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात रूढ झाले, आणि पुढे कित्येक वर्षे अनेक घरांत या शब्दांचा अर्थ केवळ कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया असाच घेतला जाई.

या शिबिरांचा इतिहास वजन-शस्त्रक्रियेच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, कारण छिद्र लहान असले की काम सोपे व निर्धोक होते हा भ्रम येथेच रुजला. शाळेच्या वर्गखोल्यांत किंवा तात्पुरत्या जागांत ओळीने शस्त्रक्रिया होत, दोन रुग्णांच्या मध्ये उपकरणे निर्जंतुक करण्यास पुरेसा वेळ मिळत नसे आणि नंतरची विचारपूस जवळजवळ नसे. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्यानंतर त्यांपैकी अनेकींचे मृत्यू झाले, आणि २०१६ मध्ये देविका बिस्वास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश दिले. त्वचेवरची जखम अर्ध्या इंचाची असली तरी शस्त्रक्रिया पोटाच्या पोकळीत झालेली असते, आणि तिच्या आधीची तयारी व नंतरची देखरेख कमी होत नाही, ही गोष्ट एवढी मोठी किंमत देऊन कळावी याचा खेद कोणत्याही इतिहासलेखकाला वाटेल.

पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेने पुढचा टप्पा गाठला. जर्मनीत एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये आणि फ्रान्समधील लिआँ येथे फिलिप मुरे यांनी १९८७ मध्ये दुर्बिणीच्या साह्याने पित्ताशय काढल्यावर ही पद्धत जगभर वेगाने पसरली. भारतात ती प्रथम ३१ मे १९९० रोजी जे. जे. रुग्णालयात उदवाडिया यांनी केली आणि काही महिन्यांतच पुण्यात डॉ. ज्योत्स्ना कुलकर्णी यांनी तिचा अवलंब केला. लक्षात घेण्याजोगी बाब ही की, पश्चिमेतील नव्या तंत्राला भारतात यायला पूर्वी जी दशके लागत, ती येथे तीन वर्षांवर आली, आणि त्याचे श्रेय सार्वजनिक रुग्णालयात अठरा वर्षे चाललेल्या निदानाच्या कामाला द्यावे लागते, कारण हात आणि डोळा आधीच तयार झालेले होते.

वजन घटवणाऱ्या शस्त्रक्रियेचा प्रवाह या काळात स्वतंत्रपणे वाहत होता. १९५० च्या दशकात अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून त्याची दोन टोके जोडण्याचा प्रयोग झाला. अन्न शोषले जात नसल्याने वजन उतरे, परंतु जुलाब, मूतखडे आणि यकृताचा ऱ्हास यांमुळे ती पद्धत अखेरीस सोडून द्यावी लागली. आयोवा विद्यापीठाचे एडवर्ड मेसन यांनी निराळा धागा पकडला. जठरव्रणासाठी ज्यांच्या जठराचा भाग काढला होता अशा स्त्रियांचे वजन पुन्हा वाढत नाही, हे पाहून त्यांनी १९६६ मध्ये जठराचा वरचा लहान कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडला. हीच गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया होय, आणि आतडे इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात जोडण्याची तिची आजची रचना स्वित्झर्लंडचे सेझार रू यांच्या नावाने ओळखली जाते. अडचण अशी होती की, अतिस्थूल माणसाचे पोट उरोस्थीपासून बेंबीपर्यंत उघडले असता जखम चिघळणे, पुढे त्या जागी हर्निया होणे, दुखण्यामुळे खोल श्वास न घेता आल्याने फुप्फुसांत संसर्ग होणे आणि अंथरुणावर पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होणे, हे सारे धोके सडपातळ रुग्णापेक्षा कितीतरी अधिक असत. ज्याला शस्त्रक्रियेची सर्वाधिक गरज त्यालाच ती सर्वाधिक घातक, असा हा पेच होता.

छिद्रांच्या तंत्राने तो बऱ्याच अंशी सोडवला, पण त्यासाठी आणखी एक साधन हाताशी असावे लागले. जठर कापताना त्याच क्षणी दोन्ही कडा बंद करणारा स्टेपलर बुडापेस्टच्या ह्युमेर ह्युल्ट्ल यांनी १९०८ मध्ये वापरात आणला होता, सोव्हिएत संघात १९५० च्या दशकात त्याची हलकी रूपे तयार झाली, अमेरिकी शल्यचिकित्सक मार्क रॅविच यांनी १९५८ मध्ये कीव्हला पाहिलेला असा स्टेपलर मायदेशी नेला, आणि १९९० च्या सुमारास बारा मिलिमीटरच्या नळीतून आत जाईल एवढा बारीक स्टेपलर बाजारात आला. १९९३ मध्ये इथिओपियात जन्मलेले आणि बेल्जियममध्ये काम करणारे मितिकू बेलाच्यू यांनी दुर्बिणीद्वारे जठराभोवती आवळता-सैलावता येणारा पट्टा बसवला, तर कॅलिफोर्नियात अॅलन विट्ग्रोव्ह व वेस्ली क्लार्क यांनी दुर्बिणीद्वारे बायपास सुरू करून १९९४ मध्ये तिचे पहिले अनुभव प्रसिद्ध केले. आज भारतात सर्वाधिक होणारी स्लीव्ह शस्त्रक्रिया, जीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी मागे ठेवली जाते, ती प्रथम स्वतंत्र उपचार म्हणून योजलेली नव्हती. अतिशय जोखमीच्या रुग्णांत मोठ्या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा म्हणून ती केली जाई, आणि अनेकांना दुसऱ्या टप्प्याची गरजच पडत नाही असे पुढे आढळले. भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक, जे जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये शोधले, ते मुख्यतः काढून टाकलेल्या याच भागात तयार होते.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबई-पुण्याच्या खासगी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया स्थिरावली. पण ती कोणावर करायची, हा प्रश्न येथे पश्चिमेहून वेगळा निघाला, आणि त्याचे उत्तर मुख्यतः पुण्यातून आले. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा देहभार निर्देशांक, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातील बीएमआय, ४० किंवा मधुमेहासारखा आजार असल्यास ३५ असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा, अशी १९९१ ची अमेरिकी शिफारस होती. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला तेव्हा असे दिसले की, तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅमनी कमी असले तरी ही घट स्नायूंत व अवयवांत होती, त्वचेखालच्या चरबीत फारशी नव्हती. २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच उदाहरणे देऊन हा मुद्दा मांडला: दोघांचाही निर्देशांक २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे अधिक खालचे टप्पे सुचवले, तर २००९ च्या भारतीय तज्ज्ञांच्या एकमतपत्रात शस्त्रक्रियेची मर्यादा ३७.५, आणि सोबत आजार असल्यास ३२.५, अशी ठरली. पुण्यातील डॉ. शशांक शहा व डॉ. जयश्री तोडकर यांनी परदेशी सहकाऱ्यांसह २०१० मध्ये ३५ हून कमी निर्देशांकाच्या १५ मधुमेही रुग्णांवरील बायपासचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. संख्या लहान होती, तरी वजनापेक्षा चयापचयाकडे पाहण्याची दिशा त्यातून ठळक झाली.

याच धाग्याने रत्नागिरी जिल्हा पुन्हा या इतिहासात येतो. चिपळूण तालुक्यातील डेरवण येथील वालावलकर रुग्णालयाने डॉ. सुवर्णा पाटील यांच्या नेतृत्वाखाली आणि याज्ञिक यांच्या गटाच्या सहकार्याने कोकणातील सुमारे दीड हजार किशोरवयीन मुलींचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आहे, आणि आजच्या कृश मुलीत उद्याच्या मधुमेहाची बीजे कशी असतात हा त्याचा विषय आहे. ज्या जिल्ह्यात आईच्या पोटातले अन्नदारिद्र्य देहात नोंदले गेले, तेथे पुढच्या पिढीच्या हाती नोकरीचा पैसा, बैठे काम आणि बेकरीचा माल एकाच वेळी आला तर त्याचा परिणाम मुंबईतील सुखवस्तू कुटुंबापेक्षा कमी वजनावर आणि कमी वयात दिसेल, असे मानण्यास या संशोधनाने सबळ कारण दिले आहे. तिसऱ्या-चौथ्या पिढीतील चाकरमान्यांची घरे याला अपवाद नसावीत.

लोकमानसात मात्र ही शस्त्रक्रिया वेगळ्याच मार्गाने पोहोचली. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी ती मुंबईत करून घेतल्याचे वृत्तपत्रांत आले तेव्हा तिचे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत ऐकले गेले, आणि २०१७ मध्ये सुमारे ५०० किलो वजनाच्या एका इजिप्शियन महिलेला विमानाने मुंबईत आणून तिच्यावर स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली तेव्हा दूरचित्रवाणीने तिचा तमाशाच केला. आजारी माणसाच्या देहाचे हे जाहीर प्रदर्शन निषेधार्हच होते; शिवाय त्यामुळे ही शस्त्रक्रिया म्हणजे अचाट वजनाच्या विरळा माणसांसाठीचा चमत्कार अशी समजूत पसरली, आणि ८५-९० किलो वजनाची, गुडघेदुखी व मधुमेहाने बेजार झालेली साधी गृहिणी तिच्या कक्षेबाहेर राहिली.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत पोटावर ५ ते १२ मिलिमीटरची चार-पाच छिद्रे असतात, कार्बन डायऑक्साइड वायू पाऱ्याच्या १५ मिलिमीटरच्या आसपासच्या दाबाने भरला जातो, चरबीने सुजलेले यकृत आकसावे म्हणून आधी काही दिवस अल्पाहार दिला जातो, आणि बहुतेक रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातात. घरी गेल्यावर जे सुरू होते ते आयुष्यभराचे असते: घासाघासाने जेवणे, प्रथिनांकडे लक्ष देणे, बी-१२ जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या किंवा इंजेक्शने आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी. सतत उलट्या होणाऱ्या रुग्णाला थायमिन वेळेवर मिळाले नाही तर मज्जासंस्थेला कायमची इजा होऊ शकते. स्टेपलरच्या रेषेतून गळती झाली तर पहिले लक्षण पुष्कळदा केवळ वाढलेली नाडी असते. रत्नागिरीचा रुग्ण शस्त्रक्रियेसाठी मुंबई-पुण्याला जातो तेव्हा कोकण रेल्वेमुळे, जी १९९८ मध्ये पूर्णपणे सुरू झाली, जाणे-येणे पूर्वीच्या घाटरस्त्यापेक्षा सुकर झाले असले, तरी राजापूर किंवा मंडणगडच्या गावात मध्यरात्री पोट दुखू लागले तर ती नाडी मोजून तिचा अर्थ जाणणारा डॉक्टर जवळ असावा लागतो. २०२३ मध्ये रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथे अशी शस्त्रक्रिया होवो न होवो, ती झालेल्या रुग्णाला ओळखणारे व सांभाळणारे डॉक्टर घडवणे त्याच्या आवाक्यात आहे, आणि जिल्ह्याची निकड आज तीच आहे.

खर्चाचा प्रश्न याहून कठीण आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील अपवादांचे नियम एकसारखे करताना स्थूलतेच्या शस्त्रक्रियेला अटींसह मार्ग मोकळा केला, पण निर्देशांकाची मर्यादा ४०, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५, अशी ठेवली, म्हणजे १९९१ चा अमेरिकी आकडाच जवळजवळ तसाच उचलला. १६० सेंटिमीटर उंचीच्या मधुमेही स्त्रीला भारतीय तज्ज्ञांच्या २००९ च्या एकमतपत्रानुसार ८३ किलो वजनाला या शस्त्रक्रियेचा सल्ला देता येतो, तर विम्याच्या नियमात बसण्यासाठी तिचे वजन जवळजवळ ९० किलो असावे लागते. मधले सहा-साडेसहा किलो ज्या स्त्रीच्या वाट्याला येतात तिला एकतर काही लाखांचा खर्च स्वतः उचलावा लागतो किंवा थांबावे लागते. आणि मधुमेह जितका जुना होत जातो, इन्सुलिन जितके आधी सुरू झालेले असते, तितकी शस्त्रक्रियेनंतर तो मावळण्याची शक्यता घटते, हे देशोदेशीच्या अभ्यासांतून पुरेसे स्पष्ट झालेले आहे.